पाचगणीच्या थंडीत केळ निसवेल का?

पार्ल्याहून एका वहिनींनी विचारलंय, ते थोडक्यात असं. पाचगणीला त्यांचं लहानसं घर आहे. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी माहेरून, म्हणजे वसईजवळच्या आगाशीहून, राजेळी जातीच्या केळीचे दोन मुनवे, म्हणजे बुडाशी फुटणारी पोरं, आणून तिथे लावले. केळ उभी आहे, मुनवे फुटताहेत, पण दर जानेवारीत पानं पिवळी पडून करपतात आणि आजवर एकही घड पदरात पडलेला नाही. गेल्या मे महिन्यात एका केळीच्या शेंड्याशी पानं एकात एक दाटली, मधे काहीतरी फुगलं आणि ती तशीच वाळून गेली. शिवाय लेक मँचेस्टरला असते, तिलाही दारात केळ हवी आहे. यंदा जाताना बॅगेत एक मुनवा टाकून नेला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे: नाही. रोगमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याशिवाय लागवडीचं रोप परदेशात नेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याकडच्या मुनव्यांतून पर्णगुच्छ आणि मर यांसारखे रोग न दिसता प्रवास करतात. वरून मुनवा तजेलदार दिसतो आणि दुखणं कंदात असतं. लेकीने तिथल्याच रोपवाटिकेतून रोप घ्यावं. कोणतं घ्यायचं ते पुढे सांगते.

आता पाचगणी. माझं माहेरही वाडीतलंच. लग्नानंतर बोरिवलीला आले आणि गेली २२ वर्षं मुंबईकरांच्या डोंगरावरच्या घरांच्या बागा बघते आहे, लोणावळ्यापासून महाबळेश्वरापर्यंत. या कामात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मुंबईत तर केळ काही न करता येते हो!" येतेच. जुन्या चाळींमागे मोरीचं पाणी जिथे जाई तिथे कुणीतरी केळ खुपसून ठेवलेली असायची, आणि वर्षाने घड धरायची. मुंबईत केळीला तुम्ही वाढवत नाही, हवा वाढवते. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलं गेलं, तेही ७.४ अंश. बाकी सगळे हिवाळे केळीच्या दृष्टीने लुटुपुटूचे. पाचगणी १३०० मीटरच्या आसपास आहे. तिथे ८-१० अंशांच्या रात्री ही नेहमीची गोष्ट, आणि थोडं वर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी तर दव गोठल्याच्या बातम्या दर एकदोन वर्षांनी येतातच.

केळीला २६ ते ३० अंश आवडतात. १६ च्या खाली ती रेंगाळते, १२-१३ च्या खाली पानाची इजा सुरू होते, १० अंशांशी वाढ जवळपास थांबते आणि शून्याला पानं काळी पडतात. खानदेशातले शेतकरी थंडीच्या या माराला चरका म्हणतात. तुमची जानेवारीतली पिवळी पानं म्हणजे चरकाच, रोग नव्हे. त्यावर कुणी फवारणी सुचवली तर पैसे वाचवा.

पण पानं करपणं हे तुमचं खरं दुखणं नाही. पानं पुन्हा येतात. खरं दुखणं मे महिन्यातल्या त्या फुगवट्यात आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

चारेक वर्षांपूर्वी पाचगणीतच एका घरी अशीच दाटलेली केळ होती. घरच्यांना वाटत होतं, वाट पाहिली तर घड बाहेर येईल. दोन महिने वाट पाहून झाली होती. शेवटी मी ती आडवी पाडली आणि कोयत्याने उभी चिरली. बाहेरची सोपटं, म्हणजे पानांच्या देठांचे रुंद तळ, वाळलेली, त्याखालची पाण्याने गच्च, आणि छातीच्या उंचीवर आत केळफूल सापडलं. सरळ नव्हतं. पुढे जागा नाही म्हणून दांडा नागमोडी वळला होता, आणि केळफुलाचं टोक एका बाजूच्या सोपटात रुतलं होतं. वरच्या तीन फण्या उमलू बघत होत्या, पण एकमेकींत दाबून चपट्या झालेल्या, बोटं करंगळीपेक्षा बारीक, कडा तपकिरी. चीक माझ्या मनगटापर्यंत ओघळला आणि बघता बघता काळा पडला. शेजारी उभे असलेले रखवालदार मामा म्हणाले, "पोटातच ऱ्हायलं की वो ह्ये."

अगदी तेच. केळीचं आपण ज्याला खोड म्हणतो ते खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेल्या सोपटांचा नळा आहे तो. केळीचा खरा देह म्हणजे जमिनीतला कंद, आणि वाढणारा कोंब बराच काळ जमिनीच्या पातळीशीच बसलेला असतो. तिथून एकेक पान गुंडाळीतून, म्हणजे पोग्यातून, वर सोडत राहतो. ठरावीक पानं झाली की तो पानं करणं थांबवतो आणि फूल करतो. मग ते फूल दांड्यासकट त्या नळ्यातून वर चढतं आणि शेंड्यातून बाहेर पडतं. यालाच केळ निसवली म्हणतात. फूल आत तयार झाल्यापासून बाहेर दिसेपर्यंत सुमारे तीन महिने जातात. दरम्यान जी पानं बाहेर येतात ती आधीच घडवून ठेवलेली असतात. थंडीत हा दांडा लांबायला तयार नसतो, पानांचे देठही आखूड होऊन गळ्याशी गर्दी करतात, आणि घड वाटेत अडकतो. तुमच्या केळीने फूल जानेवारी-फेब्रुवारीत केलं आणि एप्रिल-मेत ते गळ्याशी येऊन अडकलं. मे महिन्यात ऊन भरपूर होतं म्हणून तुम्हाला कारण कळलं नाही. कारण तीन-चार महिने आधी घडून गेलं होतं.

अडकलेल्या घडाला वाट करून द्यायला गळ्याखाली सोपटांना उभी चीर देतात. मी दोनदा दिली. एकदा काहीच झालं नाही, एकदा दोन फण्या बाहेर लोंबल्या आणि त्यांची भाजी झाली. त्यापेक्षा ती केळ तोडा आणि बाजूच्या मुनव्याकडे लक्ष द्या.

म्हणून थंड जागी केळ लावणाऱ्याला मी एकच गोष्ट सांगते: थंडी किती पडते हे विचारू नका, पानं मोजा. केळीला निसवेपर्यंत साधारण ३५ ते ४० पानं काढावी लागतात. त्यातली पंचविसेक बाहेर आली की आत फूल धरायची वेळ होते. मुंबईत उन्हाळ्यात आठवड्याला एक पान येतं, म्हणून वर्षभरात काम उरकतं. पाचगणीत माझ्या वहीतला हिशेब असा: मार्च ते मे दर महिन्याला ३ पानं, पावसाळ्यात धुक्यामुळे नि गारठ्यामुळे महिन्याला २, ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून ५, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मिळून २, फार तर ३. हे राजेळीचे नाहीत, भाजीच्या केळीचे आकडे आहेत. राजेळी याहून रेंगाळते.

आता बेरीज करा. एप्रिलच्या सुरुवातीला लावलेला मुनवा पुढच्या फेब्रुवारीअखेर विशी ओलांडतो, एप्रिलमध्ये पंचविशी गाठतो. म्हणजे फूल धरतं ते ऐन उन्हाळ्यात. श्रावणाच्या आगेमागे केळ निसवते आणि डिसेंबरपर्यंत घड बऱ्यापैकी भरतो. तोच मुनवा आपल्या कोकणी सवयीने जूनमध्ये लावला तर निसवतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि घड भरायची वेळ नेमकी थंडीत येते. बोटं कोनदार, सुकटलेली राहतात आणि मार्चपर्यंत लोंबत बसतात. आणि पावसाळा उलटून गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलात, तर वर्षभराने पंचविशी गाठायला आणि थंडी पडायला एकच गाठ. मग मामांनी पाहिलं तेच तुम्ही पाहाल.

ही वेळ नव्या लागवडीपुरती नाही. तुमच्या बेटातून कोणता मुनवा राखायचा तेही यावरूनच ठरतं. मार्चमध्ये जो गुडघ्याएवढा आहे आणि ज्याची पानं तलवारीच्या पात्यासारखी अरुंद आहेत तो ठेवा. लहानपणीच रुंद पान फेकणारे गोंडस दिसतात, पण त्यांचा कंद पोचट असतो. बाकीचे कोयत्याने जमिनीलगत कापा, पुन्हा आले की पुन्हा कापा. एका बेटात एक मोठी केळ, एक मधली आणि एक पोर, एवढाच संसार. तुमच्याकडे तीन वर्षांत किती मुनवे झालेत ते लिहिलेलं नाही, पण "फुटताहेत" या शब्दावरून मला ती दाटी डोळ्यांसमोर दिसते.

पानं मोजायला मी नेलपॉलिश वापरते. दर महिन्याच्या एक तारखेला सर्वांत नव्या उघडलेल्या पानाच्या देठावर एक ठिपका. पुढच्या महिन्यात त्याच्या वरची पानं मोजायची आणि नवा ठिपका द्यायचा. रखवालदाराला जमतं, पावसात धुऊन जात नाही आणि फोनवर विचारता येतं. मामा मला आता स्वतःहून कळवतात, "ताई, लाल ठिपक्यावर दोनच आली."

जागेचं बघू. थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागी साठते, हे वाचून पटत नाही, मोजून पटतं. एका जानेवारीच्या रात्री मी एकाच बागेत दोन थर्मामीटर लावले होते. एक विहिरीजवळच्या खाचरात गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरा घराच्या काळ्या दगडी भिंतीलगत. पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून टॉर्च घेऊन पाहिलं तर विहिरीपाशी ४ आणि भिंतीशी ९. अंतर पंचवीस पावलांचं. आणि बहुतेक लोक केळ विहिरीपाशीच लावतात, कारण तिथे पाणी असतं! तुमचीही तिथे असेल तर हलवा. घराच्या दक्षिणेकडची भिंत, दिवसभर ऊन खाणारी, ही डोंगरावरची केळीची जागा. भिंत रात्री ती ऊब परत देते. भिंतीपासून तीन-चार फूट अंतर ठेवा, नाहीतर पन्हाळीचं पाणी थेट कंदावर पडेल.

वाऱ्याला आडोसा हवाच. पाचगणीत सिल्व्हर ओक जागोजाग आहेत आणि वारा छान अडवतात, पण त्यांच्या मुळांशी स्पर्धा करायला केळीला लावू नका. वाऱ्याने पान शिरांना धरून फाटलं तर घाबरायचं कारण नाही. ती केळीची वारा सोसायची रीतच आहे. देठ मोडला तर मात्र ते पान गेलं.

थंडीतली देखभाल बहुतांशी काही गोष्टी न करण्याची आहे. नोव्हेंबरपासून खत बंद. पिवळी पडलेली पानं कापू नका, खाली लोंबू द्या. ती खोडाभोवती घोंगडीसारखी बसतात. फेब्रुवारी संपल्यावर एकदम काढा. कंदाभोवती वीतभर जाडीचं आच्छादन हवं: वाळलेला पालापाचोळा, भाताचा पेंढा, काहीही कोरडं. स्ट्रॉबेरीवाल्यांच्या शेतावर जुना पेंढा मिळतो. खोडाला गोणपाट गुंडाळा किंवा जुनं सुती लुगडं.

प्लास्टिक नको. हे मी माझ्या चुकीतून सांगते आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका केळीला मी मोठ्या हौसेने जाड प्लास्टिक गुंडाळून सुतळीने करकचून बांधलं होतं. महिन्याने सोडलं तर आतून पाणी गळालं आणि असा कुबट वास आला की मी दोन पावलं मागे सरले. बाहेरची चार सोपटं बोटाने ओढताच साबणासारखी निसटली. थंडीने केळ मेली नव्हती, मी कुजवली होती.

पाण्याबद्दल दोन सल्ले ऐकाल आणि दोन्ही खरे आहेत. खानदेशात थंडीच्या लाटेत रात्री विहिरीचं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. बांधावर धूरही करतात. दुसरीकडे, थंडीत केळीला पाणी कमी द्या असंही सांगतात, कारण वाढ थांबलेली असताना मुळं पाणी ओढत नाहीत आणि कंद कुजतो. पाचगणीत जानेवारीत जमीन कोरडीच असते, म्हणून कडाक्याची रात्र असेल त्या संध्याकाळी एक घागर आळ्यात द्या, एरवी आठवड्यातून एकदा पुरे.

मार्चमध्ये नवा पोगा हलायला लागला की भूक लागते. शेतात एका केळीला हंगामात २०० ग्रॅम नत्र आणि २०० ग्रॅम पालाश देतात. घरच्या केळीला त्याच्या निम्मं पुरतं. मी दोन घमेली शेणखत, दर महिन्याला ओंजळभर लाकडाची राख आणि पावसाळा लागण्यापूर्वी थोडी निंबोळी पेंड देते. घड भरतेवेळी पालाशाला कंजूषपणा करू नका.

आता जातीचं. सासूबाईंना वाईट वाटेल, पण राजेळी ही पाचगणीची केळ नव्हे. नेंद्रनच्याच जातकुळीतली ती, उंच वाढणारी, वेळखाऊ आणि दमट उष्म्यात रमणारी. वसईच्या वाड्यांत ती शोभते. डोंगरावर भाजीची केळी सर्वांत सोशिक. रानकेळीचं रक्त तिच्यात जास्त आहे, थंडी आणि कोरड दोन्ही ती सोसते. गोड केळं हवं तर तमिळनाडूच्या पळणी डोंगरातली विरुपाक्षी बघा. हजार-दीड हजार मीटरपर्यंत ती कॉफीच्या मळ्यांत वाढत आली आहे, आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. तिला पर्णगुच्छाने फार छळलं, म्हणून ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचं) रोपच घ्या, कुणाच्या बागेतला मुनवा नको. सफेद वेलचीही जमते, फक्त भिंतीचा आडोसा हवा. लेबलावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. मला एका रोपवाटिकेने विरुपाक्षी म्हणून दिलेली रोपं दीड वर्षाने सरळसरळ बाजारातली नेहमीची ग्रँड नैन निघाली.

बुटकी बसराई थंडीला बरी, असा एक समज आहे. वाऱ्याला बरी, थंडीला नाही. बुटक्या केळीचा गळा आखूड असल्याने घड अडकण्याची खोड तिच्यातच सगळ्यात जास्त. गंमत अशी की आपण खानदेशी समजतो ती बसराई म्हणजेच जगातली ड्वार्फ कॅव्हेंडिश, आणि हे नाव तिला मिळालं ते थंड इंग्लंडात. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ या कॅव्हेंडिश घराण्याच्या वाड्यात जोसेफ पॅक्स्टन नावाचा मुख्य माळी होता. त्याने मॉरिशसहून आलेलं रोप काचघरात वाढवलं, १८३५ च्या नोव्हेंबरात तिला फूल आलं आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याने घड आणून दाखवला. पुढे १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्यानेच रचला. काचघरं बांधण्यात मुरलेल्या माणसाला त्यापुढे इमारत बांधणं अवघड गेलं नसावं.

म्हणजे लेकीच्या गावापासून फार लांब नाही, तिथे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी केळ फळली होती. पण कोळसा जाळून तापवलेल्या काचघरात आणि उमरावाच्या पैशाने. आइसलँडमध्येसुद्धा ह्वेरागेर्दीला जमिनीतल्या गरम पाण्यावर तापवलेल्या घरांत केळी पिकतात. ऊब विकत घेता आली तर केळ कुठेही येते. दारातल्या मातीत मात्र मँचेस्टरचा हिशेब पानांनीच मांडा. जुलैतही तिथे दुपारी सरासरी २०-२१ अंश. मे ते सप्टेंबर एवढाच मोसम, त्यात फार तर बारा-पंधरा पानं. हिवाळ्यात खोड मेलं की वर्षाचा हिशेब पुन्हा शून्यावर. खाण्याजोग्या घडाची आशा तिने धरू नये. पानासाठी लावावी.

पानासाठी तिथे एकच खात्रीची जात आहे, मूसा बास्जू. जपानी केळ म्हणून ती विकली जाते, पण मूळची दक्षिण चीनची. फळं लहान, बियांची, खायच्या लायकीची नाहीत. पण कंदावर आच्छादन असेल तर तो उणे १० अंशांच्या आसपासही तग धरतो आणि उन्हाळ्यात पुरुषभर उंचीचं झाड उभं करतो. पहिल्या हिमाने पानं काळी पडली की ती कापायची, खोडाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची असते तशी जाळी गोल उभी करायची, आत कोरडा पेंढा ठासायचा आणि वरून पाऊस आत जाणार नाही असं झाकण. बाजू उघड्या ठेवायच्या. तिथे थंडीपेक्षा ओली थंडी मारते, पाचगणीच्या नेमकं उलट. एप्रिल-मेत हिमाची भीती गेली की सोडायचं. खोड उभं राखलं तर पुढच्या वर्षी पानं उंचावरून आणि मोठी येतात. राखलं नाही तर कंदातून पुन्हा सुरुवात, तीही वाईट नाही.

खाण्याच्या जातीचीच हौस असेल तर मोठ्या कुंडीत ड्वार्फ कॅव्हेंडिश, उन्हाळ्यात बाहेर आणि रात्री १२ अंशांखाली जायला लागल्या की आत, दक्षिणेच्या खिडकीत. घरात आणलेल्या केळी थंडीने मरत नाहीत, प्रेमाने मरतात. रोज पाणी घालतात. हिवाळ्यात तीन आठवड्यांनी एकदा, माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच. हीटरच्या कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी बसतो. ओल्या फडक्याने पुसत राहायचं. आणि वर्षातला पानांचा सर्वांत चांगला काळ तिथे ऑगस्ट-सप्टेंबर आहे. गणपती त्याच दिवसांत येतात. नैवेद्याला दारचं पान मिळालं की तिला बाकी काही सांगावं लागणार नाही. पान सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत कापायला सांगा.

पाचगणीला घड धरलाच, तर तो झाडावर पिकायची वाट बघू नका. बोटांच्या कडा गोलसर झाल्या, टोकाची वाळकी फुलं हाताने झटकली तर पडू लागली, की उतरवा. १३ अंशांखाली ठेवलेल्या केळ्याची साल राखाडी पडते आणि ते धड पिकत नाही. तेच कारण केळी फ्रिजमध्ये न ठेवण्याचं. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते, घड गाडीच्या डिकीत घालून मुंबईला आणा. पेंढ्यात किंवा तांदळाच्या डब्यात एकदोन पिकल्या केळ्यांबरोबर ठेवा. मुंबईची हवा चार-पाच दिवसांत उरलेलं काम करते. एकाने ऐकलं नाही, घड बंगल्यातच टांगून ठेवला, आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हिरवी केळी दाखवली.

राहिली सासूबाईंची राजेळी. त्यांना बहुधा सुकेळीसाठीच, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांसाठीच, ती हवी असणार. आगाशीच्या माणसाला दुसरं कारण लागत नाही. तर असं करा. पाचगणीच्या बेटातून मे अखेरीस तलवारीच्या पानांचा एक मुनवा कंदासकट काढा. कंद कापताना आत पांढरा आहे ना ते पाहा. तपकिरी रेषा किंवा अळीची भोकं दिसली तर तो टाकून द्या आणि दुसरा काढा. मुळं छाटा, माती झटका, पानं वीतभर ठेवून कापा आणि दोन दिवस सावलीत पडून राहू द्या. मग पार्ल्याला आणा आणि सोसायटीची परवानगी काढून इमारतीच्या मागे, गच्चीच्या पाण्याचा पाइप जिथे उतरतो तिथून दोन हात अंतरावर लावा. डिकीत ठेवताना मुनवा गोणपाटात गुंडाळा, आणि खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा. केळीच्या चिकाचा डाग कशानेही जात नाही.